जुना तांदूळ, जुनं पेट्रोल

मागच्या आठवड्यात नागपूरहून पुतण्याचा फोन आला. सणाला गावी यायचं चाललंय त्याचं. "काका, रात्री निघतो. तिकडे आतल्या रस्त्याला पंप सापडत नाही म्हणून एक कॅन भरून डिक्कीत टाकू का?" मी इतक्या जोरात "नको" म्हणालो की आतून आमच्या सौ. बाहेर आल्या. पुतण्याही गोंधळला. त्याचंही बरोबर आहे म्हणा. दोन वर्षांपूर्वी एका लग्नात, पंगतीत बसून, अर्ध्या खानदानाला "घरात पेट्रोलचा एक कॅन हवाच" असं मीच सांगितलं होतं. चार जणांनी तेव्हा माना डोलावल्या होत्या. त्यांतल्या कोणी खरंच कॅन भरून ठेवला असेल तर त्यांनी हे वाचावं, म्हणून लिहितोय.

आमचं गाव लाखांदूर तालुक्यात, चुलबंद नदीपासून फार लांब नाही. धानाचा मुलूख. तालुक्याचं ठिकाण सोळा किलोमीटर, आणि पेट्रोलपंपही तिकडेच. पावसाळ्यात नाल्याला पाणी आलं की रस्ता बंद. ऑगस्ट २०२० च्या शेवटी मध्य प्रदेशातल्या संजय सरोवराचं पाणी वैनगंगेत आलं आणि भंडारा शहरात घराघरांत पाणी शिरलं, तेव्हा आम्हीही दोन दिवस बेटावर असल्यासारखे होतो. अशा ठिकाणी राहणाऱ्या माणसाला साठवणुकीची सवय आपोआप लागते. ढोलीत वर्षाचे धान, छपरीत तणस, डब्यात लाखोळीची डाळ, माळ्यावर सरपण. आईच्या वेळेपासून हेच पाहत आलो. घरात आहे तर आपण आहोत.

पेट्रोलही मी याच हिशेबात धरलं. चूक तिथूनच सुरू झाली.

तसं कॅनमधलं, बाटलीतलं पेट्रोल आम्हाला नवीन नव्हतं. नोकरीच्या सुरुवातीला माझ्याकडे सेकंडहँड लुना होती. तिच्या पेट्रोलात ऑइल मिसळावं लागे. बाटलीत दोन्ही ओतून, अंगठ्यानं तोंड दाबून, औषधासारखं हलवून टाकीत घालायचं. एकदा शाळेच्या आवारात आमच्या एका सहकाऱ्यानं हेडमास्तरांच्या मोटरसायकलमधून नळीनं पेट्रोल काढायला घेतलं. तोंडानं ओढलं आणि घोटभर घशात गेलं. आम्ही सगळे हसत होतो. तो खोकत होता, आणि खोकला थांबेना. डॉक्टर म्हणाले, उलटी करवली नाही हे नशीब. पोटातलं पेट्रोल एक वेळ निस्तरता येतं, फुफ्फुसात गेलेलं नाही. तीन दिवस ताप होता त्याला. त्यानंतर मी नळी तोंडाला कधी लावली नाही. एवढी अक्कल तरी तेव्हा आली.

आता २ जानेवारी २०२४ चा दिवस. नवीन भारतीय न्याय संहितेत अपघात करून पळून जाणाऱ्या ड्रायव्हरला दहा वर्षांपर्यंतची शिक्षा ठेवली होती, त्याविरुद्ध ट्रकचालकांनी गाड्या उभ्या केल्या. टँकरही थांबले. "पेट्रोल संपलं" ही बातमी पेट्रोल संपण्याच्या आधीच गावात पोचली. जानेवारी २००९ मध्ये तेल कंपन्यांच्या अधिकाऱ्यांचा संप झाला तेव्हाही पंप कोरडे पडले होते, ते मला आठवत होतं. मी माझी जुनी मारुती ८०० काढली आणि तालुक्याला गेलो.

पंपावरची गर्दी काय सांगू! मोटरसायकलींची रांग पार रस्त्यापर्यंत. लोकांच्या हातात काय काय होतं: पाण्याच्या बाटल्या, दुधाच्या कॅन, तेलाचे डबे, एका माणसाकडे तर फवारणीच्या औषधाचा रिकामा डबा. पंपाला पुठ्ठ्याची पाटी लावली होती, "बाटलीत, कॅनमध्ये पेट्रोल मिळणार नाही." मी टाकी भरून घेतली. घेतली म्हणजे नंबर लागेपर्यंत दोन तास गेले. मग नळी धरलेल्या पोराकडे पाहिलं तर तो माझा विद्यार्थी निघाला. सातवीला होता माझ्याकडे. "सर, तुम्ही!" म्हणाला. मी डिक्कीतून पांढरा प्लास्टिकचा कॅन काढला. वीस लिटरचा, पूर्वी त्यात खाण्याचं तेल आलेलं. तो थबकला. पाटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. हळूच म्हणाला, "सर, तुम्हाला म्हणून देतो. कोणाला सांगू नका."

(आता सांगतोय. त्या पोराचा यात काही दोष नाही. ज्या मास्तरनं त्याला नियम शिकवले तोच समोर कॅन घेऊन उभा राहिला तर त्यानं काय करावं?)

कॅन डिक्कीतच ठेवून भरला, तोही काठोकाठ. दोन्ही चुकीचं. कॅन जमिनीवर ठेवून भरायचा असतो. प्लास्टिकवर साचलेली स्थिर वीज जमिनीत निघून जायला वाट मिळाली नाही तर एक ठिणगी पुरते. आणि वर जागा सोडायची असते, कारण पेट्रोल उन्हानं फुगतं. हे मला तेव्हा माहीत नव्हतं. विज्ञानाचे एक निवृत्त सर आमच्या मित्रमंडळात आहेत, त्यांनी नंतर सांगितलं. मी मराठी आणि इतिहासाचा माणूस.

संप त्याच रात्री मिटला. सरकार आणि वाहतूकदार संघटनेत बोलणं झालं आणि ते कलम चर्चेशिवाय लागू करणार नाही असं ठरलं. दोन-तीन दिवसांत पंपावर पूर्वीसारखं पेट्रोल मिळू लागलं. तेव्हाच कॅन गाडीच्या टाकीत ओतून मोकळं व्हायला हवं होतं. पण भरलेला कॅन पाहून मला जे समाधान वाटत होतं ना, ते भरलेली ढोली पाहून वाटतं तसं होतं. तो मी मागे सांदवाडीत, कोठ्याच्या कोपऱ्यात ठेवला. जनावरं आता नाहीत, तणस असते. आणि चार पावलांवर आंघोळीचं पाणी तापवायची चूल.

सौ. म्हणाल्या, "अजी, हा बॉम्ब तिथं कशाला ठेवला?"

मी म्हणालो, "झाकण बंद आहे."

इतिहासाच्या मास्तरला जेरीकॅनची गोष्ट माहीत असते, ती मी त्यांना ऐकवली. जर्मन सैन्यानं दुसऱ्या महायुद्धाच्या तोंडावर वीस लिटरचा पत्र्याचा डबा बनवला. वर तीन मुठी, म्हणजे एका माणसाला एका हातात दोन रिकामे डबे धरता यावेत. भरला तरी आत हवेची जागा राहील अशी ठेवण. इंग्रजांचे डबे पातळ पत्र्याचे, आफ्रिकेच्या वाळवंटात गळायचे. त्यांनी जर्मनांचे डबे पळवले आणि मग तसेच स्वतः बनवले. इंग्रज शिपाई जर्मनांना 'जेरी' म्हणत, म्हणून जेरीकॅन. सौ. नी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग आपला कॅन पत्र्याचा आहे का?"

नव्हता. आणि हाच प्रश्न कायद्यालाही पडलेला आहे, हे मी पुढे वाचलं. १९३४ चा पेट्रोलियम कायदा अजून चालू आहे. त्यात विकण्यासाठी नसलेलं पेट्रोल तीस लिटरपर्यंत परवान्याशिवाय जवळ ठेवता येतं. पण ते घट्ट बुचाच्या काचेच्या, चिनीमातीच्या किंवा धातूच्या भांड्यात. काच किंवा चिनीमाती असेल तर एका भांड्यात एक लिटर, धातू असेल तर पंचवीस. तेलाच्या प्लास्टिक डब्याचा त्यात उल्लेख नाही. वीस लिटर म्हणजे आपण नियमात, असं मी छाती काढून सांगत होतो. आकडा नियमात होता, भांडं नव्हतं.

उन्हाळा आला. आमच्याकडचा मे तुम्हाला माहीत आहे, पंचेचाळीस अंश म्हणजे नेहमीचंच. कॅनचं पोट फुगलं. मी रोज सकाळी जाऊन झाकण किंचित सैल करायचो, 'फुस्स' आवाज यायचा, पुन्हा बंद करायचो. मला वाटायचं मी काळजी घेतोय! वीस लिटर पेट्रोल पंचवीस अंशांनी तापलं की जवळजवळ अर्धा लिटर वाढतं, असा हिशेब त्या विज्ञानाच्या सरांनी नंतर मांडून दाखवला. आणि तो जो 'फुस्स' होता, त्यात पेट्रोलातला सगळ्यात हलका, लवकर पेट घेणारा भाग रोज उडून जात होता. राहत होतं ते जड. म्हणजे कॅनच्या बाहेर कोठ्यात धोका वाढत होता आणि कॅनच्या आत दम कमी होत होता. ती वाफ हवेपेक्षा जड असते, वर जात नाही, जमिनीवरून सरपटते. चुलीकडेसुद्धा. काही झालं नाही, हे खरं. पण काही झालं नाही यात माझं कर्तृत्व शून्य.

रोज उघडझाक करून झाकणाची आतली चकती फाटली. मी त्यावर प्लास्टिकची पिशवी गुंडाळून झाकण आवळलं. आपल्याकडे कुठल्याही गोष्टीवर पिशवी गुंडाळली की काम झालं असं समजतात.

दुसरी गोष्ट याच काळात घडली, आणि ती मला जास्त लागते. मी गाडीच्या टाकीकडे लक्ष देणं सोडलं. पूर्वी काटा अर्ध्यावर आला की तालुक्याला गेल्यावर भरून आणायचो. आता काटा खाली गेला तरी "कॅन आहे ना" म्हणायचो. मारुती ८०० ची टाकी अठ्ठावीस लिटरची. पत्र्याची, बंद, गाडीबरोबर फिरणारी, सतत रिकामी होणारी आणि भरली जाणारी. एवढी चांगली कोठी दारात असताना मी ती रिकामी ठेवून तेलाचा डबा सांभाळत होतो.

जुलै आला. रोवणी चालू होती. दुपारपासून धो धो पाऊस, वीज गेलेली, मोबाइलचा टॉवरही बंद. रात्री अकराच्या सुमारास दार वाजलं. आमच्या बांध्यांवर कामाला येणारा गडी होता, सोबत त्याचा भाऊ, आणि खांद्यावर दहा वर्षांचं पोरगं. जमिनीवर झोपलं होतं. पोटात दुखतंय म्हणून रडत उठलं.

"गुरुजी, पापण्या उघडत नाही याच्या."

मी विचारलं, साप पाहिला का. "नाही जी. पण याच्या मायला काळं काहीतरी भिंतीकडे सरकलेलं दिसलं."

शाळेत इतकी वर्षं काढल्यावर एवढं कळतं. मण्यार चावली की फारसं दुखत नाही, सूज येत नाही, कित्येकदा चावल्याची खूणही सापडत नाही. पोट दुखतं, पापण्या जड होतात आणि मग श्वास. धानाच्या मुलखात पावसाळ्यात जमिनीवर झोपणाऱ्यांच्या वाट्याला हीच येते. रुग्णालयात सर्पविषाची लस असते, पण तिथवर पोचायला हवं.

फोन लागत नव्हता. नाला दुसऱ्या बाजूचा होता, तालुक्याकडचा रस्ता सुरू होता. मी गाडीत बसून किल्ली फिरवली. काटा तळाला, लाल दिवा लागलेला. माझ्या पोटात गोळा आला. लगेच दुसरा विचार आला, कॅन आहे!

आणि मला बरं वाटलं, हे कबूल करतो. साठवलेलं वेळेला कामी येतं, असं मनात आलं त्या क्षणी. अभिमानच वाटला म्हणा ना.

कॅन ओढत आणला. सौ. नी मोबाइलचा उजेड धरला. नरसाळं सापडेना, मग बाटली कापून नरसाळं केलं. घाईत कॅन पूर्ण उपडा केला, शेवटच्या थेंबापर्यंत. चार-पाच घोट अंगणात सांडलं. ओतताना सौ. एकदम ओरडल्या. मी वळून पाहिलं तर गड्याचा भाऊ छपरीच्या कडेला उभा, हातात पेटलेली बिडी. घाबरलेला माणूस बिडी पेटवतो, त्याला दुसरं काय सुचणार? त्यानं ती पावसात फेकली. पाच पावलांचं अंतर असेल. ओल्या अंगणात पाण्यावर सांडलेलं पेट्रोल पसरत होतं आणि मोबाइलच्या उजेडात त्याचे रंग चमकत होते. ते रंग अजून डोळ्यांसमोर येतात.

गाडी चालू झाली. पोरगं मागच्या सीटवर बापाच्या मांडीवर. दोन-अडीच किलोमीटर गेलो असू. गाडीनं आचका दिला. पुन्हा एक. मग बंद. किल्ली फिरवली, नुसता घरघर आवाज. पुन्हा, पुन्हा. पाऊस टपावर वाजत होता आणि मागून त्या पोराचा श्वास ऐकू येत होता, घोरल्यासारखा. बाप काही बोलला नाही. मी म्हणालो, "होईल चालू." दोन मिनिटांनी परत म्हणालो, "होईल." तिसऱ्यांदा मला म्हणवलं नाही.

पुढे तीनशे पावलांवर फाटा होता. तिथे एक पानठेला आहे. ठेलेवाला मागेच झोपडीत राहतो. बाप पोराला खांद्यावर टाकून पळाला, त्याच्यामागे भाऊ, त्यांच्यामागे मी, या वयात जेवढं पळवेल तेवढं.

हा ठेलेवाला म्हणजे माझं जुनं गिऱ्हाईक. मी त्याला जाता-येता झापायचो. कारण तो बाटल्यांतून पेट्रोल विकतो. काडेपेट्या, बिड्या, खर्रा आणि त्यांच्या शेजारी ओळीनं लाल-पिवळ्या बाटल्या. "एक दिवस उडशील," असं मी त्याला किती वेळा म्हटलं असेल.

त्या रात्री त्यानं एक शब्द विचारला नाही. मोटरसायकल बाहेर काढली, ठेल्यातून एक बाटली आणली, टाकीत ओतली, बापाला मागे बसवलं, मध्ये पोरगं, एका ओढणीनं तिघांना बांधलं आणि गेला. सकाळी पंपावरून आणलेलं पेट्रोल होतं ते. त्याच्याकडे पेट्रोल एका दिवसाच्या वर राहतच नाही, गिऱ्हाईक सोडत नाही.

मी आणि गड्याचा भाऊ ठेल्याच्या ताडपत्रीखाली उभे राहिलो. त्यानं बिडी काढली, माझ्याकडे पाहिलं आणि परत खिशात ठेवली.

पोरगं वाचलं. हे आधीच सांगायला हवं होतं, तुम्ही उगाच ताणात राहिला असाल. ग्रामीण रुग्णालयात लस सुरू झाली, तिथून भंडाऱ्याला नेलं, चार दिवस श्वासाच्या मशीनवर होतं. पंधरा दिवसांनी घरी आलं, वाळलेलं, पण हसत.

गाडीचं काय झालं ते मेकॅनिकनं तिसऱ्या दिवशी दाखवलं. त्यानं टाकी रिकामी केली आणि तळातलं काचेच्या बाटलीत काढून उन्हात धरलं. बाटलीत दोन थर होते. वर पेट्रोल, खाली गढूळ पाण्यासारखं काहीतरी. "गुरुजी, यात पाणी किती!"

पाणी कुठून आलं, हे कोठ्यात जाऊन पाहिलं तेव्हा समजलं. कॅनच्या जागेवर वरचं एक कवेलू सरकलेलं होतं. थेंब थेंब पाणी बरोबर झाकणाभोवतीच्या खोबणीत साचायचं. दिवसा कॅन तापतो, आतली हवा बाहेर जाते. रात्री गार होतो, आत हवा ओढतो. माणसासारखा श्वास घेतो म्हणा. आणि फाटक्या चकतीतून, पिशवीच्या घडीतून, हवेच्या जागी खोबणीतलं पाणी ओढतो.

त्यात आता पेट्रोल नुसतं पेट्रोल राहिलेलं नाही. इथेनॉल मिसळलेलं असतं. २०२२ मध्ये दहा टक्क्यांचा टप्पा गाठला, २०२५ मध्ये वीस टक्क्यांचा. इथेनॉलला पाण्याची ओढ फार. थोडं पाणी ते पोटात घेतं, पण एका मर्यादेबाहेर गेलं की पेट्रोलला सोडून पाण्याशी संगत करतं आणि दोघं मिळून तळाला बसतात. दहा टक्क्यांच्या पेट्रोलाला वीस लिटरमागे पेलाभर पाणीसुद्धा भारी पडतं. गाडीचा पंप तळातूनच ओढतो. गंमत बघा, हे इथेनॉल उसापासून होतं तसं तांदळाच्या कणीपासूनही होतं. म्हणजे आमचं धानच वेगळ्या वाटेनं त्या कॅनमध्ये आलेलं असू शकतं. फक्त तिथे ते तांदळासारखं वागत नाही. आमच्याकडे जुन्या तांदळाचा मान मोठा. वर्षभर मुरलेला तांदूळ शिजला की मोकळा होतो, पाहुण्यांना तोच वाढतात. मुरणं म्हणजे चांगलं होणं, हे आमच्या हाडात बसलेलं. पेट्रोल मुरत नाही, नासतं. 

मग मी मेकॅनिकला तो प्रश्न विचारला, जो तीन दिवस विचारायचा टाळत होतो. लाल दिवा लागला होता तेव्हा टाकीत किती असेल?

तो हात पुसत म्हणाला, "दिवा लागल्यावर दोन-तीन लिटर असतेच की गुरुजी. तीस-चाळीस किलोमीटर आरामात गेले असते तुम्ही."

रुग्णालय सोळा किलोमीटर होतं.

म्हणजे त्या रात्री माझ्याकडे पुरेसं चांगलं पेट्रोल होतं, आणि मी त्यावर माझ्या हातानं पाणी ओतलं. कॅन घरात नसता तर मी देवाचं नाव घेऊन तसाच निघालो असतो आणि पोचलो असतो. मध्ये जो पाऊण तास गेला, त्यातला प्रत्येक मिनिट मी साठवून ठेवलेला होता, जानेवारीपासून.

हे मी गड्याला सांगितलं. पोरगं घरी आल्यावर मुद्दाम त्याच्या घरी जाऊन सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं. त्याची बायको चहा घेऊन आली. तो म्हणाला, "गुरुजी, तुमची गाडी होती म्हणून फाट्यापर्यंत तरी आलो." मी परत समजावू लागलो, की गाडी त्यामुळेच बंद पडली, दोष माझा. तो म्हणाला, "चहा घ्या." त्याला समजलं नव्हतं असं नाही. सगळं समजलं होतं. मला माफ करण्याचा विषय त्याला काढायचाच नव्हता. पुढचा अर्धा तास आम्ही रोवणीवर बोललो.

कॅनचा मी विळ्यानं तळ फाडला. नाहीतर कोणीतरी त्यात पिण्याचं पाणी भरलं असतं, आमच्याकडे रिकामा डबा कोणी सोडत नाही. टाकीतून काढलेलं ते खराब मिश्रण मेकॅनिककडेच ठेवलं. नाल्यात किंवा बांधीत ओतायचं नाही, एवढं त्याला बजावून आलो. ठेलेवाल्यालाही भेटलो. आभार मानले, आणि बाटल्या काडेपेट्यांपासून लांब ठेव असंही सांगितलं. तो हसला. "गुरुजी, तुम्ही काही सुधरत नाही." बाटल्या मात्र त्यानं आता ठेल्याच्या मागे, वेगळ्या पेटीत ठेवल्यात. पेटी लाकडाची आहे. असो.

पुतण्याला मी सांगितलं, निघताना टाकी भर आणि भंडाऱ्याला पुन्हा भर, झालं. डिक्कीत काही आणायचंच असेल तर आमच्यासाठी संत्री आण.

ते पोरगं आता बारा वर्षांचं आहे. शाळा सुटली की आमच्या अंगणात येतं. गाडीत पुढच्या सीटवर बसून स्टिअरिंग फिरवायला त्याला फार आवडतं. किल्ली मी देतो, पण अर्धीच फिरवायची, काटा दिसेल एवढीच, असं ठरलंय आमचं. परवा ते तसंच बसलं होतं आणि मी ओट्यावर पेपर वाचत होतो. खिडकीतून डोकं बाहेर काढून ओरडलं, "गुरुजी, अर्ध्याच्या खाली गेला!"

मी पेपर ठेवला आणि चपला शोधायला लागलो.